समोर नाही, शेजारी

बाणेदारच्या घरात शिरायचं तर आधी पोट आत घ्यावं लागे. दार उघडलं की एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला भिंत आणि दोघांच्या मध्ये घरमालकाच्या ऐटीत उभं असलेलं एक मशीन. नाणं टाका, बटण दाबा, खाली खाऊ पडतो, त्या जातीचं. उंची माणसापेक्षा हातभर जास्त, रुंदी कपाटाची आणि रंग पिस्ता. पिस्ता का, तर स्वयंपाकघर रंगवून झाल्यावर डब्यात तेवढाच उरला होता. बायकोचा मोठा भाऊ अंगानं भरलेला. तो आला की दारातच उभा राहून बोले आणि दारातूनच परत जाई. मशीनचा हा उपयोगही काही कमी नाही, असं बाणेदारचं मत होतं.

बाणेदार हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच भांडणात बायको "मोठे आले बाणेदार" म्हणाली आणि ते असं चिकटलं की पुढे सख्खी आईसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागली. खोटं कशाला बोला, नाव शोभतही होतं. बसमध्ये कुणी "जरा सरकता का" म्हटलं की हा घट्ट बसणार, आणि "बसा हो निवांत" म्हटलं की ताडकन उठून उभा राहणार.

इतकी वर्षं तो मोठ्या मशीन कंपनीत दुरुस्तीवाला होता. शहरात जिथं जिथं चार माणसं बसून वाट बघतात तिथं तिथं कंपनीचं निळं मशीन उभं, आणि ते अडलं की बाणेदार पिशवी घेऊन हजर. मग कंपनीला कुणीतरी अक्कल शिकवली की माणसं कशाला पोसता, एक फोन नंबर पुरे. तेव्हापासून मशीन अडलं की लोक फोन करतात. पलीकडून गोड आवाज सांगतो, तक्रार असेल तर एक दाबा. एक दाबलं की म्हणतो दोन दाबा. दाबणाऱ्याचं बोट दुखेपर्यंत मशीन आपसूक सुरू झालं तर झालं.

निरोपाच्या दिवशी चहा आणि बिस्किटं मांडली होती. साहेबांनी भाषण केलं आणि भेट म्हणून मोडीत निघालेलं एक जुनं मशीन बाणेदारच्या गळ्यात मारलं. हल्लीच्या मशीनना पुढे काच असते, आत काय आहे ते दिसतं. हे बंद दाराचं. नुसती बटणं, बटणांवर आकडे आणि चित्रं. चित्रावर विश्वास ठेवून नाणं टाकायचं. बाणेदारनं मशीनकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "हेच मशीन तुमच्या मशीनच्या शेजारी लावून दाखवीन. समोर नाही, शेजारी."

आता अशा वेळी समोरच्यानं चिडावं, हसावं, निदान दचकावं तरी. साहेबांनी बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "घ्या ना अजून एक."

नोकरी गेल्याचं बाणेदारला एवढं लागलं नाही, जेवढं ते बिस्किट लागलं.

तेव्हापासून तो रोज सकाळी दाढी करून जागा शोधायला बाहेर पडे. बरं, जागा नव्हत्या असं नाही. धुलाईच्या दुकानाचा मालक आणा म्हणत होता, गाडी शिकवायच्या शाळेतली बाई आणाच म्हणत होती. पण तिथं निळं मशीन नव्हतं. मोकळ्या मैदानात शड्डू ठोकायला काय अक्कल लागते, असं म्हणून हा दोन्ही ठिकाणांहून परत आला. जिथं निळं मशीन होतं तिथं मात्र एकच उत्तर मिळे: आमचं कंपनीशी ठरलेलं आहे, खाण्यापिण्याचं दुसऱ्या कुणी इथं विकायचं नाही.

बायको शाळेत शिवण शिकवायची. बोलणंही टाक्यासारखं, बारीक आणि घट्ट. ती म्हणाली, "अहो, जिथं दुकान नाही तिथं लोक दुकान घालतात. तुम्ही दुसऱ्याच्या पायरीवर घालायला निघालात."

"पायरीवर नाही," बाणेदार म्हणाला. "शेजारी."

इकडे तिच्या भावाचा जीव तुटत होता. त्याचं नळ, बेसिन आणि कमोडचं मोठं दुकान होतं आणि त्याला घरचा माणूस हवा होता. काम काहीच नाही, पंख्याखाली उभं राहून गिऱ्हाईकाला कमोडचे गुण सांगायचे, फारच शंका असली तर बसून दाखवायचं. त्यानं भावोजींच्या मापाचा शर्टही शिवून ठेवला होता, खिशावर रेशमानं भरलेलं छोटंसं कमोड. बाणेदारनं तो शर्ट एकदा पाहिला आणि त्या रात्री जेवला नाही. शेवटी बायकोनं निकाल दिला. सोमवारी मशीन घराबाहेर गेलं तर गेलं, नाही तर मंगळवारी तुम्ही घराबाहेर, दादाच्या दुकानात. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच बाणेदार घाबरला.

आता त्या घरातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातून निघाला. त्या घरात वस्तू सापडत नसत. कात्री, कंगवा, आईचा चष्मा, ठेवलं ते गेलं. मशीन दुरुस्त करताना बाणेदारनं तपासणीसाठी म्हणून हाताला लागेल ते त्याच्या फिरत्या स्प्रिंगमध्ये अडकवलं, सुईदोरा, रुमाल, स्वतःचे मोजे. आईनं ते पाहिलं आणि तिला उतारवयात सुखाचा शोध लागला. तिनं एकेक वस्तू छोट्या पिशवीत घालून स्प्रिंगमध्ये रांगेनं लावायला सुरुवात केली. वर एका वाटीत नाणी ठेवली. चष्मा हवा? नाणं टाका, अकरा दाबा. बाम हवा? चार. महिन्याभरात घरात ओरडाआरडा बंद झाला. सूनबाईनं शाळेतल्या बटणांच्या, सेफ्टी पिनांच्या पुड्या करून आत भरल्या आणि सासूसुनांचं एकमत झालेली मशीन ही पहिली वस्तू ठरली. बाणेदारला हे मान्य नव्हतं, पण सकाळी मोजे हवे असले की तोही गुपचूप नाणं टाकून नऊ दाबायचा.

जागा मिळाली ती शुक्रवारी. दुसऱ्या कंपन्यांसाठी मुलाखती घेऊन माणसं निवडून देणारं एक ऑफिस होतं. तिथलं निळं मशीन नाणी गिळायचं आणि काही द्यायचं नाही. तिथल्या मॅडम एक दाबून, दोन दाबून रडकुंडीला आल्या होत्या. बाणेदार दारात दिसताच त्या म्हणाल्या, बरे आलात, जरा बघता का. हा म्हणाला, बोट लावणार नाही. शेजारी माझं मशीन लावा. मॅडम चिडल्या, पण सोमवारी मोठी भरती होती, माणसं सकाळपासून ताटकळणार होती. त्यांनी एका दिवसाची परवानगी दिली. "पण ऐका," त्या म्हणाल्या. "बंद असलं तरी ठरलेलं ते ठरलेलं. कंपनीच्या माणसानं हरकत घेतली तर त्या मिनिटाला उचलायचं. दिवस नीट गेला तर पुढचं बघू."

बाणेदार तरंगत घरी आला. बिस्किटं, वेफर्स आणि चॉकलेटची खोकी आणून त्यानं दारामागे रचली, बटणांवर नवी चित्रं चिकटवली आणि मशीन भरून ठेवा असं घरात जाहीर करून टेम्पो ठरवायला गेला. बायकोला वाटलं आई भरतील. आईनं मशीनचं दार उघडलं, सगळे खण बघितले, ते गच्च भरलेले होते. तिनं समाधानानं एक शेवटची वस्तू आत ठेवली आणि दार ढकलून लावून घेतलं. सोमवारी सकाळी टेम्पोवाला खाली हॉर्न वाजवत असताना बाणेदारनं विचारलं, "आई, मशीन भरलंय ना?"

"गच्च," आई म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नव्हे.

ऑफिसच्या प्रतीक्षागृहात निळ्या मशीनच्या शेजारी पिस्ता मशीन उभं राहिलं, तेव्हा बाणेदारच्या डोळ्यांत पाणी आलं. मध्ये फक्त वीतभर जागा सोडली होती. तो मागच्या खुर्चीवर वर्तमानपत्र उघडून बसला आणि कडेनं बघू लागला. हॉल भरला होता. कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर फाईल, चेहऱ्यावर धास्ती. मुलाखतीला आलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट मुलाखतच वाटते. खुर्ची डुगडुगली तरी त्याला वाटतं, आपला तोल बघताहेत.

पहिला उठला तो एक मिशीवाला. त्यानं नाणं टाकलं, चॉकलेटचं चित्र दाबलं आणि खाली हात घातला. हातात मोज्यांचा जोड आला. त्यानं मोज्यांकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. मग सावकाश स्वतःच्या पायांकडे बघितलं. घाईत एक मोजा काळा आणि एक तपकिरी घातला गेला होता. मिशीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. तो मुकाट्यानं कोपऱ्यात गेला, मोजे बदलून आला आणि शेजारणीच्या कानात कुजबुजला, "सांभाळा. यांचं लक्ष आहे आपल्यावर."

झालं. वणवा पेटायला एवढं पुरतं. शेजारीण उठली, तिनं वेफर्स दाबले, तिला कंगवा मिळाला. ती लालबुंद होऊन केस सारखे करू लागली. तिच्यामागचा घामाघूम झाला होता, त्याला नेमका रुमाल आला. मग तर कुणाला शंकाच राहिली नाही. मशीन माणूस ओळखतं, त्याच्यात काय कमी आहे ते सांगतं, आणि ती कमी तो कशी भरून काढतो हे आत बसून कुणीतरी बघतं. निळ्या मशीनकडे कुणी ढुंकूनही बघेना. बाणेदारचं मशीन नाण्यांनी खणखणू लागलं. एकाला बाम आला, त्यानं तो कपाळाला इतका चोळला की पुढच्या दोन रांगांचे डोळे झोंबले. एकाला आईचा चष्मा आला. त्यानं तो श्रद्धेनं डोळ्यांवर चढवला, नाव पुकारल्यावर कोट अडकवायच्या खुंटीला नमस्कार केला आणि भिंत चाचपत आत गेला.

इतका वेळ नाण्यांच्या आवाजात हरवलेल्या बाणेदारनं चष्मा पाहिला आणि वर्तमानपत्र खाली टाकलं. तो चष्मा त्यानं जन्मभर पाहिला होता. त्यानं खिसे चाचपले, मशीनची किल्ली नव्हती. त्यानं घरी फोन लावला.

"आई, मशीनमध्ये काय भरलंस?"

"मी कशाला भरू? भरलेलंच होतं. आणि माझा चष्मा गेला रे त्यात, सकाळपासून चाचपडतेय. बरं, ती खोकी दारामागं कशाला ठेवलीस? दादा आलाय, पहिल्यांदाच सोफ्यावर बसलाय बिचारा. वेफर्स खातोय त्यातले. शर्ट आणलाय तुझा."

"किल्ली कुठंय?"

"जिथं हरवणार नाही तिथं."

"म्हणजे कुठं?"

"मशीनमध्ये. नऊमध्ये, तुझ्या मोज्यांच्या मागं. या घरात दुसरीकडं काही सापडतं का?"

दुसरा एखादा असता तर त्यानं मशीनचा नाद सोडून कमोडचा शर्ट चढवला असता. बाणेदार धावत मशीनकडे गेला. तिथं आता रांग लागली होती आणि रांगेला शिस्त होती. त्यानं मशीन माझं आहे म्हणून सांगितलं. रांग एकमेकांकडे बघून हसली. एक बाई अदबीनं म्हणाली, "सर, तुम्ही आमची परीक्षा बघताय ते कळलंय आम्हाला. कुणी मध्ये घुसलं तर आम्ही काय करतो हेच ना? आम्ही शांत राहतो. मागं जा."

बाणेदार मागं गेला. इलाज नव्हता. नंबर आल्यावर त्यानं नाणं टाकून नऊ दाबलं, त्याचे काळे मोजे आले. पुन्हा नाणं, पुन्हा नऊ, त्याचे निळे मोजे आले. टाच विरलेली जोडी आली, लग्नातली जोडी आली. स्वतःचेच मोजे विकत घेणाऱ्या त्या माणसाकडे सगळी रांग आदरानं बघत होती, कारण एवढी कमी असलेला उमेदवार त्यांनी पाहिला नव्हता. अखेर त्याच्याकडची नाणी संपली. मागचा शिडशिडीत तरुण म्हणाला, काका, आता माझी पाळी. त्यानं तेच नऊवरचं चॉकलेट दाबलं आणि टण्णकन किल्ली पडली.

बाणेदारनं हात पुढे केला. तरुणानं किल्ली छातीशी धरली. मोजे, कंगवा समजण्यासारखं होतं, पण किल्ली? तो खुर्चीवर जाऊन किल्लीकडे टक लावून विचारात बुडाला. बाणेदार त्याच्यापुढे बसून विनवत होता तेवढ्यात दार उघडलं आणि साहेब आत आले.

तेच साहेब. अंगात निरोपाच्या दिवशीचाच निळा कोट, काखेत फाईल. बाणेदार मोजे कवटाळून उठला आणि दोन ढांगांत मशीनपुढे जाऊन उभा राहिला. अंगातून भीती निघून गेली. ज्या क्षणासाठी इतके दिवस दाढी केली तो आला होता.

"लावलं," तो म्हणाला. "शेजारी. वीत टाकून बघा. तुम्ही मोडीत काढलं ते मशीन आहे हे आणि तुमच्यासमोर चालतंय. काय हरकत घ्यायची ती घ्या. मी हलणार नाही."

आवाज ऐकून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी साहेबांना ओळखलं, कंपनीशी ठरलं तेव्हा हेच आले होते. त्यांनी बाणेदारला विचारलं, काय विकताय तुम्ही यात. आता मुकाट्यानं खरं सांगावं की नाही? पण नाव बाणेदार. साहेबांपुढे मोजे विकतो म्हणून सांगायचं? त्यापेक्षा जीव गेलेला परवडला.

"खाण्याचं," तो छाती काढून म्हणाला. "बिस्किटं, वेफर्स, चॉकलेट. तुम्ही विकता तेच, आणि तुमच्याहून ताजं."

"मग उचला," मॅडम म्हणाल्या. "कंपनीच्या माणसासमोर खाण्याचं चालणार नाही, हे मी शुक्रवारीच सांगितलं होतं."

मिशीवाल्याला राहवलं नाही. तो म्हणाला, मॅडम, यात खाण्याचं काही नाही, आम्ही सकाळपासून बघतोय. बाणेदारनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मोज्यांसकट खुर्चीखाली गेला असता. मॅडमनी स्वतः नाणं टाकलं आणि बिस्किटाचं चित्र दाबलं. सुईदोरा पडला. वेफर्स दाबले, सेफ्टी पिना पडल्या. अजून एक नाणं, बटणांची पुडी. मॅडमनी एकेक वस्तू टेबलावर मांडली आणि हॉलभर नजर फिरवली. केस चापून बसवलेले, घाम पुसलेले, मोजे सारखे घातलेले लोक बघून त्या हळूहळू हसू लागल्या.

"अहो, रोज इथं कुणाचं तरी बटण तुटतं आणि ते माझ्या टेबलावर सुई शोधायला येतात," त्या म्हणाल्या. "हे विकणार असाल तर मशीन कायमचं ठेवा. खाण्याचं विकणार असाल तर आत्ता टेम्पो बोलवा. बोला."

एकीकडे शेजारची जागा, दुसरीकडे रेशमी कमोड. मध्ये मोजे. बाणेदार इतक्या हळू बोलला की मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

"मोजे," तो म्हणाला. "मोजे विकतो."

मॅडम साहेबांकडे वळल्या आणि यात कंपनीची काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. साहेब इतका वेळ दाराशीच उभे होते. त्यांनी काखेतली फाईल पुढे घेतली.

"हरकत घ्यायला मी आलेलो नाही," ते म्हणाले. "मी मुलाखतीला आलोय."

मग साहेबांनीच थोडक्यात सांगितलं. कंपनीला पुन्हा कुणीतरी अक्कल शिकवली होती. साहेब तरी कशाला पोसायचे? आता फोनवरचा गोड आवाज सांगतो, साहेबांशी बोलायचं असेल तर तीन दाबा.

इतके महिने बाणेदार ज्याच्याशी मनातल्या मनात भांडला तो माणूस लढायच्या आधीच आडवा झाला होता, आणि त्यात याचा हातही नव्हता. याचा त्याला फार राग आला. साहेबांच्या कोटाचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. बाणेदारनं टेबलावरचा सुईदोरा उचलून त्यांच्यापुढे धरला. साहेबांना दोरा ओवता येईना. यानं त्यांच्या हातातून सुई हिसकून घेतली, ओवली, दोन टाके घालून बटण पक्कं केलं आणि दोरा दातानं तोडला. "शेजारी लावलं, एवढं मान्य करा," तो म्हणाला. साहेबांनी मान्य केलं आणि त्यांचं नाव पुकारलं गेलं.

तासाभरानं किल्लीवाला तरुण उड्या मारत बाहेर आला. त्याला मॅडमनी विचारलं होतं, हातात काय आहे. तो म्हणाला होता, कुणाची तरी किल्ली आहे, ज्याचं कुलूप त्याला परत द्यायचीय. तो निवडला गेला. त्यानं बाणेदारच्या हातात किल्ली ठेवून वाकून आभार मानले. चष्मेवाला निवडला गेला नाही, पण बाम चोळलेला निवडला गेला, म्हणजे रांगेचा मशीनवरचा विश्वास काही चुकीचा नव्हता. बाणेदारनं चष्मा परत मिळवला आणि घरी फोन केला. बायकोनं एकच विचारलं, राहिलं का मशीन? राहिलं, तो म्हणाला, शेजारी. मग लांबून तिचा आवाज ऐकू आला, ती भावाला सांगत होती, दादा, शर्ट घेऊन जा.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. साहेब मात्र खुर्चीवर तसेच बसून होते. त्यांना कळवतो म्हणून सांगितलं होतं, आणि कळवतो म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आयुष्यभर त्यांनीच ते लोकांना सांगितलं होतं. बाणेदार मशीन पुसत होता. पुसता पुसता त्याची नजर साहेबांच्या खांद्यांवरून फिरली. माप जवळपास तेच होतं.

"आमच्या मेहुण्याचं दुकान आहे," तो मशीनकडेच बघत म्हणाला. "नळ आणि कमोडचं. पंख्याखालचं काम आहे. शर्ट शिवून तयार आहे."

"विचार करून सांगतो," साहेब म्हणाले, पण पूर्वी म्हणायचे तसं नाही.

सकाळपासून त्यांच्या पोटात काही नसावं. बाणेदारनं फडकं खांद्यावर टाकलं. एकवार दाराकडे बघितलं, कुणी नव्हतं. मग तो निळ्या मशीनपुढे गेला, ज्याला बोट लावणार नाही म्हणून शुक्रवारी ठणकावून सांगितलं होतं. त्यानं बोट लावलंही नाही. कंबरेच्या जरा खाली, डाव्या अंगाला गुडघ्यानं एक दणका दिला. आत काहीतरी खडखडलं आणि अडकून राहिलेल्या बिस्किटांचे पुडे धडाधड खाली कोसळले. एक पुडा फोडून त्यानं साहेबांपुढे धरला. साहेबांनी एक घेतलं, खाल्लं.

"घ्या ना अजून एक," बाणेदार म्हणाला.

साहेबांनी वर बघितलं. त्यांना ती बशी आठवली असावी. त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं आणि चावता चावता तोंड वाकडं केलं. "मऊ पडलंय हो."

"तुमच्या मशीनचं आहे," बाणेदार म्हणाला. "माझ्याकडे खाण्याचं काही मिळत नाही."